डाव्या बाजूचा आवाज

"हे घ्या लताबाई, लेबलांवर दडपण म्हणून ठेवा," म्हणत लीलाधरभाऊंनी ते जाडजूड पुस्तक टेबलावर असं आपटलं की डिंकाची वाटी कलंडता कलंडता राहिली. "साडेचारशे पानं, अन् बठ्ठी सगळी इंग्रजी! नाशिकवाला हे आवाज भरायचं कॉम्प्युटर-यंत्र बसवून दोन दिवस शिकवून गेला, म्हणे बाकीचं पुस्तकात आहे. अरे, पुस्तकातच होतं तर तुला काय जेवायला बोलावलं होतं?"

लताने ओली लेबलं सारखी केली आणि पुस्तक वर ठेवलं. लेबलांवर कमलबाईंचा फोटो होता. नाकात नथ, डोक्यावर पदर, हात जोडलेले. खाली 'हळदीची गाणी, गायिका कमलबाई'. लीलाधरभाऊंची बायको. गेली आठ वर्षं ही कॅसेट धुळ्याजळगावकडे प्रत्येक लग्नाच्या मांडवात वाजत होती, आणि गेली तीन वर्षं लता हीच लेबलं चिकटवत होती.

आवाज लताचा होता.

एकोणीस वर्षांची असताना, पारोळ्याजवळच्या तिच्या गावी एका लग्नात लीलाधरभाऊंनी तिला ऐकलं आणि धुळ्याला बोलावलं. एका दिवसात अकरा गाणी. तिचे वडील तोताराम दिवसभर भाऊंच्या कॅसेटच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते, पागोटं गुडघ्यावर ठेवून, जसं काही आत मुलीची परीक्षाच चाललीय. हळदीच्या गाण्यात ज्या घरचं लग्न त्या बापाचं नाव घ्यायची रीत. "इथं कोणाचं नाव घेऊ?" असं लताने विचारलं, तेव्हा भाऊ काचेपलीकडून म्हणाले होते, "घे कोणाचंही." मग तिने पायरीवरच्या माणसाचं घेतलं, हळद त्याच्याच मांडवात लावली. 'तोतारामना मांडोमा, हयद लावा वं माय.'

जाताना लुगडं मिळालं, पेढे मिळाले. तोतारामने गावभर सांगितलं, मन्ही पोरनी कॅसेट येई राहिनी. आणि कॅसेट आली ती कमलबाईंचा फोटो लावून.

तरी बिचारा ती पारावर घेऊन गेला. "आवाज मन्ही पोरना शे, भो. दखा, मन्हं नाव बी शे गानामा. आयका तरी."

"तोताराम काय तू एकलाच शे का दुनियामा?" पारावरचा झुलाल म्हणाला, आणि सगळा पार हसला.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'कॅसेटवाला' पडलं. पाराकडून जायचं टाळून तो शेताला मागच्या नाल्यातून जायला लागला, पावसापाण्यातसुद्धा. दोन वर्षांनी गेला, तेव्हा पोरं एकमेकांना ओरडून सांगत होती, "कॅसेटवाला आबा मरना रे!" लताने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. माणसाच्या मरणाची बातमी अशी ऐकली की ती पोटात वितळत नाही, खड्यासारखी बसून राहते.

लग्न होऊन ती धुळ्यात आली. नवरा जीवराम कामाला होता ती तेलाची मिल बंद पडली तेव्हा कामाला जायला दहा दुकानं होती. ती नेमकी याच दुकानात गेली. भाऊंनी विचारलं, "गाव कोणतं?"

"पारोळ्याकडचं."

"वा! आपल्या कॅसेटला तिकडं फार मागणी."

ओळखलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. चोराने घरमालकाला विसरावं याचा जेवढा राग यावा, तेवढा तिला रोज सकाळी नव्याने यायचा.

पुस्तक तिने चौथ्या दिवशी उघडलं, लेबलं वाळल्यावर. मुखपृष्ठावर एका रेघेचे डोंगर काढले होते. आतली चित्रं पाहताना तिच्या लक्षात आलं, हा डोंगर म्हणजे आवाज. जिथं मोठा तिथं उंच, जिथं थांबला तिथं सपाट रेघ. आणि ही रेघ कापता येते, पुसता येते, उचलून दुसरीकडे ठेवता येते. ती पुस्तक मिटून बसली.

बारावीपर्यंतचं इंग्रजी आणि सासऱ्यांचा फाटका शब्दकोश, एवढ्या भांडवलावर तिने शिकायला घेतलं. पुस्तक जुन्या परकरात गुंडाळून घरी न्यायची. पहाटे नळाच्या रांगेत हंड्यामागे बसून एक पान, पोरीला पाजताना एक पान. छकुली एका हाताने आईची पोत धरून दूध प्यायची आणि दुसऱ्या हाताने पान ओढायची. "नको गं, सोन्या," लता तिची मूठ अलगद सोडवायची, "तुझ्या आबांचं काम आहे हे." पोर तोंड न काढता हसायची, मग दुधाचा ओघळ पानावर. सासू धुरपदाबाई म्हणायची, "पोरले दूध पाजस का इंग्रजी?"

चुकाही झाल्या. 'क्लिपिंग टाळा' असं पुस्तकात तीन ठिकाणी ठळक छापलं होतं. शब्दकोशात बघितलं तर कातरणे. म्हणून आठ दिवस तिने काही कातरलंच नाही, यंत्र बिघडेल म्हणून. मग कळलं की ते आवाज फार मोठा घेतल्याने डोंगराची टोकं सपाट होतात त्याबद्दल आहे. 'फेड' म्हणजे कोमेजणे, हे मात्र तिला पहिल्या फटक्यात समजलं.

दुपारी भाऊ जेवून आडवे झाले की ती आतल्या खोलीत बसून करून बघायची. एक दिवस ते अचानक उठून आले. बघतात तर पडद्यावर सनईच्या आधीची खरखर नाहीशी झालेली.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"अरे! मग लेबलांना कशाला बसला आहात?" आणि बाहेर तोंड करून, "कमल, हिला चहा दे. बिनसाखरेचा नको." तेव्हापासून यंत्र लताकडे आलं. लेबलंही तिच्याकडेच राहिली.

मग जुन्या टेपा यंत्रात भरायचं काम निघालं, आणि हळदीची टेप वर आली. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. भाऊंची पहिल्यापासूनची पद्धत, गाणाऱ्याचा आवाज डाव्या बाजूला, ढोलकी-सनई उजव्या. कधी गाणारी बदलायची झाली तर वाजवणाऱ्यांना पुन्हा बोलवायला नको. वरची रेघ म्हणजे नुसती लता. एकोणीस वर्षांची. कडव्याआधी घेतलेला श्वासही छोट्या टेकाडासारखा दिसत होता.

ती बराच वेळ बघत राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो हिशेब.

संक्रांतीनंतर अमळनेरला महिला मंडळाचं मोठं हळदीकुंकू होतं. कमलबाईंचा सत्कार, आणि नंतर त्यांचं गाणं. गाणं म्हणजे दरवेळचंच, टेप लावायची आणि कमलबाईंनी बंद माईकपुढे तोंड हलवायचं. टेप तयार करणार होती लता.

आधी वाटलं, आवाज गाढवासारखा करून टाकावा. पुस्तकात तीही सोय होती. मग लक्षात आलं, हसं होईल ते आपल्याच आवाजाचं. नको. आवाज काढूनच घ्यायचा. चौथं गाणं, 'तोतारामना मांडोमा', पहिली ओळ होऊ द्यायची आणि मग डावी बाजू सपाट. ढोलकी चालू, सनई चालू, कमलबाईंचं तोंड उघडं. चारशे बायकांपुढे. आबा पाराला वळसा घालून गेला ना? आता तुम्ही घाला.

रोज दुपारी ती तेवढा भाग पुसायची, बघायची, आणि परत आणायची. जोवर जतन करत नाही तोवर केलेलं माघारी घेता येतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. शेवटच्या दिवशी तिने जतन केलं. टेपवर उतरवून घेतलं, डबीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, अमळनेर. घरी जाऊन पोरीला न्हाऊमाखू घातलं आणि तिच्या टाळूवर तेल थापताना गुणगुणली. किती महिन्यांनी!

मंडळाच्या मैदानात मांडव भरला होता. लता मंचाच्या कडेला टेपजवळ बसली, भाऊ पहिल्या रांगेत पाहुण्यांत. कमलबाई पैठणी नेसून आल्या, सत्कार झाला, तीन गाणी झाली, टाळ्या पडल्या. लताची छाती दुधाने भरून दुखत होती. पोरीची वेळ होऊन गेली होती.

चौथं गाणं लागलं. पहिली ओळ गेली. आणि आवाज गेला.

कमलबाईंच्या ओठांना ते कळायला दोन ठेके लागले. त्या दोन ठेक्यांसाठी लता आठ वर्षं थांबली होती. तोंड हलतंय, हात उगाच वर गेलाय, आणि ढोलकी एकटीच धाडधाड वाजतेय. पुढच्या रांगेत एक पोरगी फिसकन हसली. दुसरी हसली. भाऊ धावत आले. "आवाज कुठं गेला? अहो लताबाई, आवाज!"

"यंत्राचं काम आहे भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "पुस्तकात बघावं लागेल."

हसणं मागच्या रांगांकडे सरकू लागलं. लताने ते कानभरून घेतलं. पार असाच हसला असेल.

तेवढ्यात मध्येच कुठून तरी एक चिरका, म्हातारा आवाज उठला. ढोलकी चालूय, गाणं पाठ आहे, मग गप्प कशाला बसायचं, एवढाच साधा विचार त्यामागे असावा. शेजारणीने ओळ उचलली. मग रांग, मग मांडव. चारशे बायका टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणत होत्या,

'तोतारामना मांडोमा, हयद लावा वं माय.'

लग्न कोणाचंच नव्हतं. कोणाही बापाचं नाव चाललं असतं. पण त्यांना दुसरं येतच नव्हतं. आठ वर्षं सगळ्या लग्नांत त्यांनी हेच ऐकलं होतं, स्वतःच्या पोरींच्या हळदीलाही हेच म्हटलं होतं. आणि ओळीच्या शेवटी टेप भरायच्या दिवशी लता दमून सुरात जरा खाली उतरली होती, तिथं चारशे जणी तशाच उतरल्या.

कमलबाई वाचल्या. लताचे हात टेपवर तसेच राहिले. इतक्या मेहनतीने रचलेलं हातचं गेलं म्हणून तिला संताप आला, आणि संतापातच ब्लाउज ओला झालेला तिला कळला.

भाऊ खुशीत. "वा! लोकांनाच गायला लावलं! पुढच्या कार्यक्रमालाही इथंच आवाज बंद ठेवा, लताबाई."

बायका पांगू लागल्या. लता पदर छातीवर ओढून मंचाच्या पायरीशी आली. तिथं ती चिरक्या आवाजाची म्हातारी बसली होती, ओटीतले तीळ निवडत, आणि शेजारणीशी वाद घालत होती.

"तोताराम म्हंजे कोन्ही जुना पाटील व्हई."

"पाटील कसाना! देव व्हई."

"पाटील बी नई अन् देव बी नई," लता म्हणाली. "दुसराना वावरमा राबे."

म्हातारीने मान वर केली. "तुले काय माहीत वं?"

"मन्हा बाप व्हता. हाई गानं मी म्हनेल शे."

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. ओल्या पदराकडेही. "म्हनी दखाड," ती म्हणाली. परीक्षेसारखं नाही, ऐकावंसं वाटलं म्हणून.

लता तिच्या शेजारी पायरीवर बसली. पहिली ओळ म्हटली, मोठ्याने नाही. शेजारणीचा तीळ निवडणारा हात थांबला.

मागे कमलबाई तिला हाक मारायला आल्या होत्या, आठ वर्षं ज्यावर ओठ हलवले तो आवाज ऐकून त्या तिथंच थबकल्या.

"लताबाई, वायरी गुंडाळा! गाडी थांबलीये!" भाऊ पलीकडून ओरडले.

लताने दुसरी ओळ घेतली. उठली नाही.

कमलबाईंनी पैठणीचा पदर कमरेला खोचला, मांडवाच्या धुळीत उकिडव्या बसल्या, आणि एकेक वायर कोपरापासून पंज्यापर्यंत गुंडाळायला लागल्या.