दुधाच्या कॅनमधला बर्फ

"बर्फ न खाल्लेला हंस मी कापणार नाही म्हणजे नाही!" झुहरेने सुरी परत खुंटीला लटकवली.

"अगं, उद्या पोरगा येतोय ना इस्तंबूलहून? मग त्याला काय आभाळाकडे बघत बसवणारेस?" शेजारीण बेस्ती म्हणाली. "काप गुपचूप. कुणाला कळणारे?"

"इल्यासला कळेल. पहिल्या घासाला कळेल."

कार्सच्या पठारावर हा कायदा सरकारी कायद्यांहून जुना. रशियन आले, दगडी घरं बांधून निघून गेले, पण कायदा तोच राहिला. पहिला बर्फ पडावा, हंसांनी तो खावा, म्हणजे मांसाला चव येते, आणि मगच सुरी. यंदा मात्र नोव्हेंबर सरत आला तरी आभाळ कोरडं ठणठणीत. इल्यास वर्षातून एकदा, एका रात्रीपुरता यायचा. गेल्या वर्षी तेही जमलं नव्हतं. तंदुरात टांगलेला हंस आणि त्याची चरबी पिऊन फुगलेला खालचा दलिया, एवढं एकच आता आपण त्याला देऊ शकतो, असं झुहरेला वाटे. तेवढंही हातचं जाणार म्हणून तिचा जीव कासावीस झाला होता.

ती तडक कुर्बानच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. कुर्बान वरच्या गावांतून दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवायचा.

"वर बर्फ पडलाय म्हणे. येताना एक कॅन भरून आण."

"मावशी, दुधाच्या कॅनमधून बर्फ? मालकाने पाहिलं म्हणजे?"

"तुझ्या लग्नातले हंस कुणाकडचे होते रे?"

कुर्बानने निमूटपणे गाडी सुरू केली.

दुपारी तो कॅन घेऊन परतला. मालकाने नेमकं त्याच कॅनचं झाकण उघडलं होतं. "म्हणाला, दुधात पाणी घालणारे खूप पाहिले, बर्फ घालणारा तूच पहिला! मावशी, नोकरीच जायची होती माझी."

"मग?"

"मग खरं सांगून टाकलं. तर म्हणतो, उद्या माझ्या बायकोच्या हंसांसाठीही एक आण."

झुहरेने अंगणात बर्फ ओतला. हंसांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली, फिसकारले आणि बेस्तीच्या कोबीकडे निघाले. कवींचे हंस म्हणे दूध आणि पाणी वेगळं करतात. या शहाण्यांना आपला कोबी आणि शेजारचा कोबी एवढंही वेगळं करता येत नव्हतं.

"खा की मेल्यांनो!" झुहरे ओरडली. शेवटी तिने बर्फात ओंजळभर गहू मिसळले, तेव्हा कुठे गव्हाबरोबर बर्फ पोटात गेला.

"ही लबाडी झाली हं," बेस्ती कुंपणावरून म्हणाली.

"खाल्ला की नाही, तेवढं बोल!"

थोड्या वेळाने बेस्तीचे हंसही त्याच ढिगात चोची मारू लागले आणि बेस्ती मात्र भलतीकडेच बघत उभी राहिली. झुहरेने हसून खुंटीवरची सुरी काढली आणि तिलाच पिसं काढायला बसवलं. सगळ्यात जाडा हंस मीठ चोळून टांगला गेला.

सकाळी दार उघडलं तर अंगण पांढरंफटक. गुडघाभर बर्फ पडला होता. तंदूर पेटवून हंस आत सोडला, तोच फोन वाजला.

"आई, सारीकामिशला अडकलोय. घाट बंद. बस परत फिरवतायत, आणि माझी रजा उद्या संपतेय."

झुहरेने दाराबाहेर पाहिलं. "खूप पडतोय का रे?"

"थांबायचं नावच घेत नाही आई."

"बरं. कानटोपी घाल. जपून जा."

दुपारी बेस्ती आणि कुर्बान जेवायला आले. कुर्बानची गाडीही बर्फात रुतली होती. बेस्तीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "चव आलीय गं, झुहरे."

"मी म्हटलं नव्हतं?"

एक तंगडी आणि मूठभर दलिया झुहरेने आधीच ताटलीत काढून, वर दुसरी ताटली झाकून फळीवर ठेवला होता. दोघांनीही तिकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात हात घातला.

जेवणं झाल्यावर ती अंगणात आली. हंस न सांगता बर्फाचे लचके तोडत होते.

"खा," ती म्हणाली. "सावकाश खा. आता कसली घाई?"