नव्या विहिरीतले मासे

पितांबरने बादली वर ओढली. पाण्यावर तीन मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"देखा, भाऊ," सोनीबाई म्हणाली. "काल सांजले सोडेल व्हतात. तीन दिन मासा जगना, तर आमी पानी पितस. हाई पानी कोन पी?"

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पाड्यात आठवड्यात पटकीने चौघे गेले होते. लोकांनी नाल्याचं पाणी सोडावं म्हणून सरकारने विहीर खोदली. काल दुपारी सरकारकडून पाणी तपासायला आलेल्या पितांबरनेच तिच्यात लाल औषध ओतलं आणि लगोलग छापील फॉर्मवर 'ॲप्रूव्ह्ड'खाली सही ठोकली. त्या औषधानेच मासे मेले होते. बायका हंडे घेऊन पुन्हा नाल्याकडे उतरत होत्या.

"औषधाने मेले ते. औषध उतरलं की पाणी चांगलंच आहे."

"तुमी पिनात का?"

त्याने बादली खाली ठेवली.

"मंग कागदवर काय लिखं?"

"मंजूर, म्हणून."

"न देखताच? आमी तं जवाई बी देखीसन करतस!"

"साहेब, चला," हिलाल शिपाई बैलगाडीजवळून ओरडला. "सही झालीय. कागद धुळ्याला पोचला की सुटलो."

पितांबर हलला नाही. कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक प्रयोग न करता आकडे भरणाऱ्याची वही भिरकावून देत. एकदा त्यांनी फॉर्मवरचा हाच शब्द, 'ॲप्रूव्ह', फळ्यावर लिहिला होता. मूळ लॅटिन; अर्थ: पारखणे. पारखून खरं उतरलं, तरच मंजूर. त्याने तो नीट टिपून घेतला होता. पुढे तीन वर्षं सह्या करताना एकदाही आठवला नव्हता.

त्याने फॉर्म फाडला.

"हिलाल, बैल सोड."

पाड्याच्या मधोमध त्याने चूल मांडली. नाल्याचं पाणी उकळल्याशिवाय तो कुणाला घरी नेऊ देईना.

"सायेब, भात बी शिजाडी द्या!" बायका चिडवत. तो लाकडं सारत राहिला.

दोन दिवस विहीर उपसली. लाली गेली. मग सोनीबाईने स्वतः निवडून तीन मासे सोडले.

मासे सोडून तीन दिवस झाले, त्या सकाळी ती बराच वेळ वाकून पोहणारे मासे पाहत राहिली. मग तिने हंडा विहिरीत सोडला, भरून वर घेतला आणि तिथेच ओंजळभर पाणी प्यायली.

पितांबरने नवा फॉर्म गुडघ्यावर धरला. 'तपासणाऱ्याचे नाव' या रकान्यात त्याने लिहिलं: सोनीबाई.

"साहेब, हे धुळ्यात चालायचं नाही. तुमच्या नोकरीवर गदा येईल."

"तपासलं कोणी, हिलाल?"

हिलालने विहिरीवर लागलेली हंड्यांची रांग पाहिली. मग त्याने पेटीतून शाईची गादी काढली आणि अंगठ्यासाठी सोनीबाईपुढे धरली.