घोंगडी ठेवून गेलेला बाप

मित्रांनो, मला पाहून कुणी पोतं म्हणतं, कुणी पायपुसणं. माझी लोकर गळाली आहे, कडा उसवल्या आहेत आणि मधोमध पडलेल्या भोकातून मांजराचं पिल्लू आरपार जातं. तरी सांगते, मी एक जुनी घोंगडी आहे, आणि एके काळी माझ्या नुसत्या पडून असण्यावर माणसं भरवसा ठेवत.

घाटावरच्या एका धनगराच्या काळ्या मेंढ्यांची लोकर माझ्या अंगात आहे. त्याच्या बायकोनं सूत काढलं, त्यानं मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ पाजली. खळ सुकल्यावर मी इतकी ताठ झाले की भिंतीशी टेकवली तर पाहुण्यासारखी उभी राहीन. पौषात मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत त्यानं मला विकायला मांडलं.

तिथं कमळू आला. किन्हवलीकडच्या एका लहान गावातला हा भातशेती करणारा माणूस. त्यानं मला ओढून पाहिलं, हुंगून पाहिलं, उन्हाकडे धरून पाहिलं. मग "येतू" म्हणाला आणि गर्दीत गेला. धनगर हसला. "'येतो' म्हणणारं गिऱ्हाईक आणि उडालेलं पाखरू सारखंच," तो शेजाऱ्याला म्हणाला. पण कमळू सगळी जत्रा पालथी घालून संध्याकाळी खरोखरच आला आणि मलाच घेऊन गेला. मी मनात नोंद केली, या माणसाचं 'येतो' खरं असतं. माणसं पारखायला मी त्या दिवशी शिकले, आणि पहिल्याच माणसात चुकले.

पुढची काही वर्षं मोठी मानाची गेली. पावसात मी कमळूच्या डोक्यावर खोळ होऊन असे, थंडीत अंगावर. पण माझं खरं काम खळ्यावर. झोडलेल्या भाताच्या राशीवर मला टाकून तो जेवायला घरी जाई. त्या भागात तसा रिवाजच होता. ज्याची घोंगडी पडली आहे तो माणूस गेलेला नाही, तो परत येणार. तोवर राशीला कुणी हात लावायचा नाही. "घोंगडी हाय म्हंजे कमळू हाय," असं लोक म्हणत. मी फुगून जाई. माणसाच्या जागी माणूस म्हणून धरलं जाणं हे काही प्रत्येक घोंगडीच्या नशिबी नसतं.

मग सदतीस सालचा आश्विन आला. भात पिकलं होतं आणि पाखरं हाकायला शेतात माळा बांधला होता. कमळूची मुलगी गोदू, पाच-सहा वर्षांची, त्या माळ्यावरून खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. गावातल्या हाडवैद्यानं नुसतं पाहिलं आणि हात मागे घेतला. तेव्हा मला बांबूला बांधून माझी डोली केली आणि माझ्यात घालून गोदूला शहापूरला नेलं. तिथं गावाबाहेर एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता.

डॉक्टरांनी गोदूच्या पायाला पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांना दोरी बांधली, दोरी खाटेच्या कठड्यावरच्या चाकावरून खाली सोडली आणि तिला वाळूची पिशवी टांगली. वजनानं पाय ताणलेला राहायचा म्हणजे हाड सरळ जुळायचं.

"माझ्या पायाला विहीर लावली," गोदू म्हणाली.

डॉक्टर कमळूला म्हणाले, "हिला हलू द्यायचं नाही. उठून बसली, पिशवी ओढली, तर हाड सरकेल. मग जन्माची लंगडी होईल."

मुलाजवळ एका माणसाला राहता येई. बाकी सगळ्या खाटांशी आया होत्या. गोदूची आई बाईजा हिचे दिवस भरत आले होते, म्हणून इथं बाप राहिला. बायकांना थट्टेला तेवढंच निमित्त झालं. शेजारच्या खाटेवर अंबूबाईचा लहानगा लडकू होता. अंबूबाई म्हणजे तोंडाची तिखट, हाताची सढळ. अंगणात तीन दगड मांडून सगळ्या आया स्वयंपाक करत, त्यांच्यात कमळूही बसे.

"काय गो कमळूबाय," अंबूबाई म्हणे, "भाकर थापलीस का करपवलीस?"

"खालून थापली, वरून करपली," कमळू म्हणे.

त्यानं वेणी घालायला शिकून घेतलं. ती वेणी कमी आणि दावं जास्त होती, पण गोदू ती सगळ्या दवाखान्याला दाखवी. ती आवरून झोपली की तो माझ्यावर, तिच्या खाटेखाली आडवा होई. तिनं हात खाली सोडला की तिच्या बोटांना माझी कड लागे. मी लागले की बाप आहे, एवढं तिला कळे आणि ती निजे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत. खोटं कशाला सांगू?

एका दुपारी गावाहून भिमा आला. भिमा हा कमळूचा मेव्हणा. त्यानं कमळूला दाराशी बोलावलं. मी कमळूच्या खांद्यावर होते, म्हणून सारं ऐकलं.

"बाईजा बाळंत झाली. पोरगा हाय. पाचवीला बाप नको का?"

मी कमळूचा चेहरा पाहिला. गोदू झाली तेव्हाही मी घरात होते, तेव्हाचाही पाहिला होता. दोन्हींत काय फरक होता ते मी सांगत बसत नाही, तुमच्या घरीही तो कधी तुम्हांला दिसला असेल.

तो खाटेशी आला. मला खांद्यावरून उतरवून त्यानं गोदूच्या उशाशी नीट घडी घालून ठेवलं.

"तंबाखू मळून येतू गो," तो म्हणाला.

"घोंगडी?"

"राहू दे हितं. घोंगडी हाय म्हंजे मी हाय."

आपल्याकडे निघालेलं माणूस 'जातो' म्हणत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. 'जातो' हा शब्द मेलेल्यांसाठी राखलेला. म्हणून गावाला निघालेलाही 'येतो' म्हणतो आणि कायमचा निघालेलाही 'येतो' म्हणतो. मोठ्यांना त्यातलं खरं-खोटं कळतं. गोदूला कसं कळावं? तिच्या लेखी येतो म्हणजे येतो. आणि कमळू हुशार माणूस. हुशार माणसाला मोठं खोटं बोलायचं असलं की तो स्वतः बोलत नाही, वस्तू ठेवून जातो.

संध्याकाळ झाली, दुसरी सकाळ झाली. गोदू शहाण्यासारखी पडून राहिली.

हिराबाई नावाची दवाखान्यातली बाई झाडायला येई. "बाप कुठं गेला गो हिचा?" तिनं विचारलं.

"तंबाखू मळतोय," गोदू म्हणाली. "घोंगडी हाय ना."

कुणाला हसू आलं, कुणाला गलबलून आलं, पण खरं कुणी सांगेना. हिराबाई म्हणाली बाप औषध आणायला गेलाय. कंपाउंडर म्हणाला आटगाव स्टेशनात गाडी पाहायला गेलाय. अंबूबाई म्हणाली उद्या येईल, आणि रोज उद्याच म्हणत राहिली. ही माणसं वाईट नव्हती. अंबूबाई लडकूच्या आधी गोदूला भरवी. पण जो तो आपापल्या परीनं त्या पोरीला फसवत होता आणि प्रत्येकाच्या खोट्याला साक्षीदार म्हणून मला पुढे करत होता. "घोंगडी हाय की," प्रत्येकजण म्हणे. मी पडून होते. भाताची रास राखताना मला कधी जड गेलं नाही, या पोरीपाशी मात्र माझंच मला वजन झालं.

हळूहळू गोदू जेवेना. माझी कड मुठीत धरून दाराकडे पाहत राही. एके दिवशी तिनं घास थुंकला तेव्हा अंबूबाईचा तोल गेला.

"खा गो बाय. तिकडं भाऊ झालाय तुला, बाप त्याचं बारसं खातोय. तू कशापायी उपाशी?"

बोलली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.  गोदूनं माझ्याकडे पाहिलं. मग मला दोन्ही हातांनी उचललं आणि खाटेखाली टाकलं. त्यानंतर अंबूबाई पाण्याला गेल्यावर ती उठून बसली, पुढे वाकली आणि दोरीला धरून ती वाळूची पिशवी वर ओढायला लागली. तिला गावाला जायचं होतं, दुसरं काही नाही. तिची किंकाळी ऐकून सगळे धावले, पण हाड सरकायचं ते सरकलं होतं. डॉक्टरांनी तिला गुंगी देऊन ते पुन्हा बसवलं. सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

पाचवीला म्हणून गेलेला बाप बारसं उरकून आला. टोपीला हळदीचं बोट लागलेलं, फडक्यात घुगऱ्या बांधलेल्या. दारातूनच त्यानं हाक मारली, "गोदू, भाऊ झाला गो तुला."

गोदूनं तोंड भिंतीकडे केलं.

डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं, "आता एकदा जमलं. पुन्हा हलली तर माझ्या हातात काही नाही." कमळू खाली बसला. खाटेखालून त्यानं मला ओढून काढलं आणि झटकलं. धुळीबरोबर माझ्यातून आणखीही काही गेलं असावं, कारण मी त्याच्या हाताला पूर्वीसारखी लागले नाही.

आणि गंमत पाहा, त्याला पुन्हा जावंच लागणार होतं. बाईजाला ताप भरला होता, तान्ह्याकडे पाहायला कुणी नव्हतं, भात शेतात उभं होतं. ही कारणं खरी होती. पहिल्या खोट्यानंतर खऱ्या कारणांची अशीच पंचाईत होते.

अंबूबाई हळूच म्हणाली, "डोळा लागला की सटक. तोंड दाखवून गेलास तर आकांत करंल आणि पाय हलवंल. मी हाय, बघतंय."

हिराबाईचंही तेच मत पडलं. कमळूला पटलं. दुपारी गोदूचे डोळे मिटलेले पाहून त्यानं मला उचललं, घडी घातली आणि पुन्हा तिच्या उशाशी ठेवलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

गोदूनं डोळे उघडले. ती झोपली नव्हतीच.

"ही घेऊन जा," ती म्हणाली.

"थंडी वाजंल गो."

"वाजू दे. ही खोटं बोलते."

कमळूनं मला पुन्हा उचललं. मग सवयीनं त्याच्या तोंडून निघालंच, "बरं, येतू मंग..."

"येतू नको म्हणू. जातू म्हण."

 अंबूबाई म्हणाली, "अगं अवदसे, दुखणेकऱ्याच्या खाटंशी असं म्हंतात का? वंगाळ बोलू नको."

"जातू म्हण," गोदू म्हणाली. "आणि कवा येशील ते सांग. त्याच्या आदी येनार नाय, ते पन सांग."

 त्या एका शब्दाला कमळू किती भीत होता ते मला त्याच्या हातातून कळत होतं, कारण त्यानं मला मुठीत धरलं होतं आणि मूठ ओली झाली होती. आजारी पोरीच्या उशाशी बापानं 'जातो' म्हणायचं आणि पुढे काही बरंवाईट झालं तर? त्यानं हिराबाईकडे पाहिलं, अंबूबाईकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही.

"जातू गो," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या आयेला ताप हाय. भाऊ रडतो. भात कापाचा हाय. पुनवेला येन. त्याच्या आदी नाय येन."

"जा," गोदू म्हणाली.

आणि मग ती रडली. गळा काढून, श्वास अडकेपर्यंत रडली. अंबूबाई पाय धरायला धावली, पण धरायची गरज पडली नाही. वरचं सगळं अंग हुंदक्यांनी गदगदत होतं आणि वाळूची पिशवी जागच्या जागी स्थिर होती. कमळू ते पाहत दारापर्यंत उलट्या पावलांनी गेला. मी त्याच्या खांद्यावर होते.

पुनवेला तो आला, दिवस चढायच्या आत आला. पुढे हाड जुळलं. पाय थोडा आखूड राहिला, पण गोदू चालली, पळाली, चढू नये त्या झाडांवर चढली. बापाशी बोलायलाही लागली. माझ्याशी मात्र नाही. तिचा भाऊ माझ्या उबेत लहानाचा मोठा झाला. लढाईच्या वर्षांत कापड मिळेनासं झालं, घरातली सगळी माझ्या एका कोपऱ्यासाठी भांडू लागली, तेव्हाही गोदू आईचं विरलेलं लुगडं अंगाभोवती गुंडाळून कुडकुडत बसे. कमळू रात्री मला तिच्या अंगावर टाकी. सकाळी मी जमिनीवर असे.

कमळूनं मला खळ्यावर नेणंही सोडलं. राशीवर तो स्वतः बसून राही. लोक विचारत, "घोंगडी कुठं रे?" तो म्हणे, "जुनी झाली." मी जुनी झाले नव्हते, मित्रांनो. मी खोटी पडले होते, आणि ते त्याला, मला आणि गोदूला माहीत होतं.

घरात माझ्यासारखी एखादी घोंगडी असेल तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, कसर लागू देऊ नका. एवढं केलंत तर ती तुमच्या नातवंडांनाही पुरेल. पण तुम्हांला कुणाला सोडून जायचं असेल, तर तिला मागे ठेवून जाऊ नका. समोर उभे राहा आणि काय ते आपल्या तोंडानं सांगा. समोरचं माणूस रडेल. रडू द्या. घोंगडीनं थंडी अडवावी, वारा अडवावा, फार तर भाताची रास राखावी. बापाची जागा तिच्याकडून राखली जात नाही.