नाथाची ताटली मीच उकळली

मी कुकर बोलतोय. तीन लिटरचा, काळ्या मुठीचा. तापट आहे, पण पोटात काही ठेवत नाही. एकच गोष्ट गेली पाच वर्षं आत राहिली आहे, ती आज सांगतो.

१९९४ साली ठाण्याच्या जांभळी नाक्यावर परशुरामने मला विकत घेतलं. कोळीवाड्यातल्या त्याच्या घरी मोठा कुकर होताच. मला आणलं ते एकट्या नाथासाठी, त्याच्या धाकट्या भावासाठी. नाथाला रक्ताचा कर्करोग होता, आणि त्याच्याही आधीपासून एचआयव्ही. शेजारीपाजारी फक्त कर्करोगाचं सांगितलं होतं. दुसऱ्याचं नाव घरातही कोणी मोठ्याने घेत नसे.

मुंबईच्या डॉक्टरांनी परशुरामच्या कमरेच्या हाडातला मगज काढून नाथाला दिला होता. मगज नवा म्हणजे रक्त नवं, म्हणजे दोन्ही रोग गेले, असा परशुरामचा हिशेब. डॉक्टरांनी बजावलं होतं की कर्करोग कदाचित जाईल, पण तो विषाणू अंगात दडून राहतो आणि नव्या पेशींनाही धरतो. परशुरामने त्यातलं अर्धंच ऐकलं. त्याला दोष कसा देऊ?

महिनाभराने नाथा घरी आला. मगज रुजला होता, पांढऱ्या पेशी वाढत होत्या. एचआयव्हीचा अहवाल मात्र होता तसाच होता.

"कच्चं काय द्यायचं नाय. सगळं कुकरात शिजवायचं. भांडी वेगली, उकलायची," परशुरामने बायकोला सांगितलं.

मंजुळाने मान डोलावली. तिच्या माहेरी क्षयाच्या माणसाची भांडी उकळत, तेव्हा तिला नव्याने काही शिकायची गरज वाटली नाही.

तिच्याइतकी नेटकी बाई मी पाहिली नाही. सकाळी माझ्यात मऊ भात व्हायचा. नाथा ओटीवर बसून जेवायचा. जेवण झालं की ती हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ताटली-पेला उचलायची, माझ्यात ठेवायची आणि चार शिट्ट्या घ्यायची. मग ती भांडी मोरीजवळच्या फळीवर पालथी. तिथेच सुकटीची टोपली, तिथेच माश्या, तिथेच पोरांचे ओले हात. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीत भात, न उकळता.

मला ते दिसत होतं. जीव तोडून शिट्ट्या मारल्या. तिने त्या मोजल्या आणि स्टोव्ह बंद केला.

घरी येऊन चाळीस दिवस झाले आणि नाथाला ताप भरला. जुलाब थांबेनात. परशुराम त्याला घेऊन पुन्हा इस्पितळात गेला. दोन दिवसांनी इस्पितळातल्या मंदाकिनी सिस्टर घर बघायला आल्या. मंजुळा एकटीच होती.

"ताटली कधी उकळता?"

"तो जेवला का लगेच. एक दिस चुकवला नाय."

"जेवल्यावर?"

"मंग? आमचे पोरांना लागू नये म्हनून."

सिस्टर पाटावर बसल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, ताटलीतून त्याचा आजार कोणाला लागत नाही. तुमच्या घरातले जंतू त्याला लागू नयेत, म्हणून उकळायची. जेवायच्या आधी."

मंजुळा फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सिस्टर, यांना बोलू नका."

त्या दुपारी तिने पहिल्यांदाच ताटली आधी उकळली, धुतलेल्या फडक्यात बांधली आणि इस्पितळात पाठवली. आठ दिवसांनी नाथा गेला.

आता मी माळ्यावर असतो. रबर कडक झालंय, शिट्टी हरवली आहे. नाथाचा म्हणून मला कोणी वापरत नाही. खाली परशुराम जेवायला बसतो, कधी कमरेवर हात फिरवतो आणि म्हणतो, "माजाच मगज हलका निंगाला गं. दुसऱ्या कोनाचा दिला असता तर जगला असता."  मंजुळा भात वाढते आणि मोरीकडे जाते.

नाथाला त्या विषाणूने नेलं की त्या ताटलीने, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. कदाचित दोघांनी मिळून नेलं असेल. मंजुळे, तुझी भीती मला कळते. पण परशुराम दर वेळी असं बोलतो तेव्हा मला इथे वर सहन होत नाही. माझी शिट्टी असती तरी तुला समजली नसती. तूच सांग त्याला. त्याचा मगज रुजला होता.