दुसऱ्या वर्षाचं गाऱ्हाणं

धाकूने नारळाची शेंडी देवाकडे केली, पुन्हा आपल्याकडे वळवली, आणि मग नारळ उचलून परत पुसायला घेतला. दोनदा पुसून झालेला नारळ होता तो.

"तेची साल काढतास काय आता?" मालन म्हणाली. "ठेवा बघू खाली. पोरांचो फोन येतलो."

धाकूने नारळ पाटावर ठेवला. विडा मांडलेला होता, उदबत्ती लागली होती, आणि फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून देव्हाऱ्यासमोर उभा केला होता. म्हणजे पलीकडच्या दोघांना देव दिसायला हवा आणि देवाला ते दोघं. ही सगळी व्यवस्था मालनची.

घाटकोपरच्या भटवाडीत धाकूचं देवापुढचं गाऱ्हाणं नावाजलेलं. कुणी नवी रिक्षा घेतली, कुणाची पोर बारावीला बसली, कुणाची कोर्टाची तारीख निघाली, की धाकूला बोलावणं ठरलेलं. विक्रोळीच्या कारखान्यात होता तेव्हा नवीन मशीन बसवलं तरी साहेब लोक त्यालाच पुढे करायचे. गाऱ्हाण्याचं काम तसं सोपं. एकाने देवाशी बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. फक्त मागायचं ते नक्की मागायचं. एवढ्या वर्षांत धाकूला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आणि आज पोटच्या पोरासाठी मागायचं, तर डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

झालं होतं असं. देवेश आणि श्रुतिका, मुलगा आणि सून, गेलं वर्षभर ऑस्ट्रेलियात होते. वर्षभर तिकडे राहायचं, मिळेल ते काम करायचं, त्यातच पोट भरायचं आणि जमेल तेवढा देश बघायचा, असा तो व्हिसा. त्यासाठी सोडत निघते. देवेशच्या डोक्यात ते खूळ शिरलं, त्याने दोघांची नावं टाकली आणि दोघांचाही नंबर लागला. अंधेरीतली बरी चाललेली नोकरी सोडून पठ्ठ्या निघाला. निघताना वाडीत घरोघर पेढे वाटले. श्रुतिका बोरिवलीची, लॅबमध्ये कामाला होती, तिला विचारलं तर म्हणाली, "हा जातोय, तर जाते मी पण."

आता ते वर्ष संपत आलं होतं. द्राक्षांच्या मळ्यावरचं ठरलेलं काम त्यांनी पुरं केलं होतं, त्यामुळे आणखी एका वर्षाचा अर्ज करता येणार होता. काल संध्याकाळी देवेशचा फोन आला.

"बाबा, उद्या अर्ज टाकतोय. दोघांचे वेगवेगळे असतात, पण टाकणार एकदमच. तुम्ही गाऱ्हाणं घाला ना. दुसरं वर्ष मिळू दे म्हणून सांगा."

"घालतो की. तू बरा आहेस ना रे?"

"मी? एकदम झकास."

इथवर सगळं सरळ होतं. पण आज सकाळी धाकू दूध आणायला खाली उतरला, तर श्रुतिकाचा फोन. एकटीचा. आजवर तिने कधी असा एकटीने फोन केला नव्हता.

"बाबा, त्याने तुम्हाला दुसरं वर्ष मागायला सांगितलं असेल. तसं मागू नका. दोघांना घरी येऊ दे, असं मागा."

"काय झालं गो? भांडलात काय?"

"नाही हो बाबा. पण तुमचं गाऱ्हाणं तो मानतो. माझं ऐकणार नाही. आणि मी फोन केला होता हे प्लीज त्याला सांगू नका. आईंनाही नको."

दुधाची पिशवी हातात धरून धाकू जिन्याखाली किती तरी वेळ उभा राहिला. पोरगा म्हणतो राहायचंय, सून म्हणते यायचंय. एका घरातली दोन माणसं एकाच देवाला दोन उलट्या गोष्टी मागायला लावतायत, तेही एकाच नारळावर! तिच्या मनासारखं मागितलं तर पोरगा म्हणेल, बापाने घात केला. पोराच्या मनासारखं मागितलं तर परक्या मुलखात ती पोर कुढत बसेल. आणि त्याला स्वतःला काय हवं होतं? ते विचारूच नका. त्याला पोरगा घरी हवा होता. वर्षभर हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, कारण पेढे त्यानेही खाल्ले होते.

"मी काय म्हणतंय," तो आता मालनला म्हणाला, "ज्यात पोरांचा भला आसात ता कर, असा सांगलंय तर?"

"देवाक असा गोल गोल सांगतत काय?" मालन उसळली. "तो काय इचार करीत बसतलो? दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्यात बरे नंबर घालून सांगतास, घरच्या येळेक तोंडात मूग! पोरगो सांगता तसा मागा."

तिचंही बरोबर होतं. धाकूने डोक्यावर टोपी घातली आणि तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर दोघं शेजारीशेजारी बसलेले दिसले. मागे पत्र्याची भिंत, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. मळ्याच्या आवारातच एक जुनी गाडी भाड्याने घेऊन दोघं राहत होते, चाकांवरची खोली म्हणायची ती. देवेश वाळला होता. घड कापून कापून त्याच्या बोटांना पट्ट्या होत्या. श्रुतिका मात्र रापली होती आणि तिच्या अंगावर मळ्याचं नाव छापलेलं जाकीट होतं.

"गो, जेवलात काय?" मालनने विचारलं.

"जेवलो आई. डाळभात. बाबा, सुरू करा."

 श्रुतिकाने धाकूकडे पाहिलं फक्त. धाकूने घाईघाईने डोळे मिटले, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या धन्या! आज ह्या घाटकोपरच्या घरात तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालन म्हणाली. फोनमधूनही दोन आवाज आले.

"काय चुकला माकला आसात ता पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझी दोन लेकरा परमुलखात आसत. तेंच्या हातापायाक बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता ती जागा आली.  धाकू मनाशी म्हणाला, ज्याने नारळ ठेवायला सांगितला त्याचंच मागू, पुढचं पुढे.

"तेंका थंय आनीक एक वरीस मिळू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालनचा आवाज आला. फोनमधून एकच आवाज आला, मोकळा, भरलेला, थेट पोटातून आलेला. तो श्रुतिकाचा होता.

धाकूने डोळे उघडले. मालनचे मिटलेलेच होते. पडद्यावर श्रुतिका हात जोडून बसली होती. आणि देवेश मान खाली घालून बोटाची पट्टी कुरतडत होता.

हे काय त्रांगडं? सकाळी नको म्हणाली तीच आता तोंडभरून होकार भरत होती. आणि ज्याने गळ घातली होती त्याच्या तोंडातून शब्द नाही. फोनची रेंज गेली असेल, धाकूला वाटलं. त्याने तीच मागणी पुन्हा घातली, मोठ्या आवाजात. पुन्हा श्रुतिकाचाच होकार आला, आणि लगेच तिने ओठ दाबून धरले, तोंडातून काही भलतंच निसटावं तसे. देवेशचे ओठ हलले नाहीत.

मग धाकूने जे कधी केलं नव्हतं ते केलं. ठरलेलं गाऱ्हाणं सोडून तो आडवाटेला लागला.

"आणि म्हाराजा, ज्या लेकराक घराक येवचा आसात, तेची वाट..."

"व्हय म्हाराजा."

मागणी पुरी व्हायच्या आतच देवेश बोलून गेला होता. मालनने डोळे उघडले. 

"बोल ना रे आता," श्रुतिका हळूच म्हणाली.

"काय बोलू?" देवेशचा आवाज फाटला. "मीच सगळ्यांना नाचवलं, मीच तुला ओढत आणलं. कुठल्या तोंडाने सांगू? बाबा, मला नाही जमत इथे. रोज सकाळी उठताना रडायला येतं. वाट लागलीय माझी. पण परत आलो तर वाडीत लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडाक आग लागो," मालन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. "तू ये बाबू. आजच्या आज निघ."

"म्हणूनच तुम्हाला सकाळी म्हटलं बाबा," श्रुतिका म्हणाली. "हा सांगणार नव्हता. मीच घरी जाऊ म्हटलं असतं तर म्हणाला असता, तू माझ्यासाठी म्हणतेस. दोघांना घरी येऊ दे असं मागा ना. माझं काय, मी येते."

"तुला राहायचं आहे काय गो तिथे?" धाकूने विचारलं.

"तसं काही नाही बाबा..." ती म्हणाली, आणि हसून दुसरीकडे बघायला लागली. मग आपणहून म्हणाली, "आता मी तोडायला जात नाही. पॅकिंग शेडमध्ये कोणी कुठे उभं राहायचं, ते मी ठरवते. सकाळी सगळे मलाच विचारत येतात. लॅबमध्ये पाच वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं."

देवेशने बायकोकडे वळून पाहिलं. हे तो पहिल्यांदाच ऐकत असावा, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

 आता खरं तर सगळं सोपं झालं होतं. पोरगा यायला तयार, सून यायला तयार, मालनचा जीव भांड्यात पडलेला. 'दोघांक घराक घेवन ये' एवढंच म्हणायचं, चारही तोंडांनी होकार भरायचा आणि नारळ फोडायचा. धाकूला स्वतःला याहून दुसरं काय हवं होतं? शब्द जिभेवर आले होते. पण पोराच्या आणि सुनेच्या त्या होकारांचा आवाज त्याच्या कानातून जाईना. इतक्या वर्षांत त्याने शेकडो होकार ऐकले होते. खरा कुठला आणि तोंडदेखला कुठला, एवढं त्याला कळत होतं.

त्याने पुन्हा हात जोडले. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"म्हाराजा, माझ्या झिलाक सुखरूप घराक घेवन ये."

"व्हय म्हाराजा!" मालन म्हणाली. देवेश म्हणाला. श्रुतिकाही म्हणाली.

"आणि माझ्या सुनेक थंय आनीक एक वरीस मिळू दे म्हाराजा."

कुणीच काही म्हणालं नाही. मालन नवऱ्याकडे बघत राहिली. श्रुतिकाने तोंडावर हात धरला. "बाबा, नको," ती पुटपुटली, पण धाकू हात जोडून तसाच उभा होता. होकार आल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मागे तर मुळीच येता येत नाही. आपण पोराचा संसार सावरतोय की मोडतोय, हे त्याला कळत नव्हतं. 

देवेश बराच वेळ बायकोकडे बघत होता. मग त्याने पट्ट्या बांधलेले हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. हळू म्हणाला, पण पुरतं म्हणाला.

 धाकू भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हणजे ती थंय एकटी रवतली?" मालनने विचारलं.

"व्हय."

"आणि ह्यो हंय?"

"व्हय. एक वरीस फक्त."

 आता ही भडकणार, म्हणून धाकूने मान खाली घातली. मालनने पदराने डोळे पुसले आणि उठताना गुडघ्यावर हात टेकला.

"तुमी मुंबईत आणि मी गावाक, अशी अकरा वर्सा काढलंय मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी इतक्यांची गाऱ्हाणी घातलास. पण मालनीक काय व्हया, ह्या देवाक कोणी सांगूक नाय."

आणि ती भाताचा कुकर लावायला आत निघून गेली.

धाकू तिच्या पाठीकडे बघत राहिला. उदबत्तीची राख पाटावर पडली. फोनमध्ये श्रुतिका पुढे वाकून कान देत होती.

"बाबा," ती विचारत होती, "आई काय म्हणाल्या?"