सोनुबाईच्या डबीवर पोसलेले कडे

मी एक जुने कडे आहे. पण मित्रांनो, सोनाराने घडवलेले नव्हे. मी जंतूच्या आत राहते.

जंतूचे घर साधे असते. बाहेर कडक भिंत, आत पातळ पडदा, पोहायला शेपट्या. त्याची सारी जन्मकुंडली एका लांब, गुंडाळलेल्या धाग्यात असते. त्या धाग्याला वेगळी खोलीसुद्धा नसते. मी त्याहून निराळे, तशाच धाग्याचे पण सुटे, इवलेसे, गोल कडे. माझ्यावाचून जंतूचे एरवी काही अडत नाही. म्हणून मला बिनकामाचे म्हणाल, तर थांबा. औषधाची धार बोथट करण्याची विद्या माझ्याकडे आहे!

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. निपाणीत विड्या वळणारी सोनुबाई मोठ्या मनाची बाई. ताप उतरला की ती औषध थांबवायची आणि उरलेल्या कॅप्सूल तंबाखूच्या रिकाम्या डबीत जपून ठेवायची. गल्लीत कोणाचेही अंग तापले की त्यातल्या एकदोन हातावर ठेवायची. तिची लेक गंगव्वा तर त्या डबीवरच वाढली. तेवढ्याशा औषधाने तिच्या पोटातले साधेभोळे जंतू मेले. मी ज्यांच्यात होते ते मात्र उरले आणि मोकळ्या जागेत फोफावले. एका जंतूचे दोन झाले की माझेही दोन होत.

मग गंगव्वाला विषमज्वर झाला. त्याचा जंतू नवखा होता. माझ्या जंतूने केसासारखी नळी पुढे करून त्याला जवळ ओढले आणि माझी एक प्रत देऊन टाकली. झाले! डबीतल्या कॅप्सूल काय, दुकानातल्या ताज्या काय, सगळे पालथ्या घड्यावर पाणी. पोर तापात बरळू लागली. मी जिंकत होते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सोनुबाईने तिला बेळगावला नेले. डॉक्टरांनी डबी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, अर्धवट औषधानं जंतू शहाणे होतात. ही दुसरी गोळी. ताप उतरला तरी शेवटपर्यंत द्यायची."

त्या गोळीपुढे माझी विद्या चालली नाही. ताप उतरला, गंगव्वा भात मागू लागली. तेवढ्यात शेजारची मालुबाई दारात आली.

"सोनाक्का, पोरगी बरी झाली न्हवं? मग दोन गोळ्या दे की गं. माझा रवळू लई तापलाय."

सोनुबाईने आजवर कोणाला नाही म्हटले नव्हते. मी आशेने वाट पाहू लागले. तिचे डोळे भरून आले.

"न्हाय गं मालू. ह्या गंगव्वाच्या हाईत, शेवटपतोर. रवळूला घे, डाक्टरकडं जाऊ. मी येतो संगं."

गंगव्वाच्या पोटातल्या विषमज्वराच्या जंतूंबरोबर माझा तिथला गोतावळा बुडाला. पण मी मेलेले नाही, मित्रांनो; इतरांच्या पोटातल्या जंतूंत मी आहेच. त्या दुसऱ्या गोळीवरची विद्या मला अजून मिळवायची आहे. त्यासाठी मला फार काही लागत नाही. कोणीतरी अर्ध्यावर सोडलेले औषध पुरते. तुमच्या घरात आहे का अशी एखादी डबी?