वाटीभर गाजर

या, अशा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगते. हसण्याची नाही, पण मायेची आहे.

माझी मावशी, आणि तिचा शिंपी नवरा, म्हणजे आमचे काका. काकांची मूत्रपिंडं थकली, तेव्हा दवाखान्यात आहार ठरवून देणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज चिरलेली भाजी सपाट एक वाटी. जास्त झाली तर रक्तात क्षार साठून हृदय थांबेल."

मावशीनं स्टीलची एक वाटी वेगळी काढली. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"ही वाटी म्हणायची, का शिवताना बोटात घालतो ते टोपण?" काका म्हणायचे.

"गपचूप जेवा. मला अजून पुष्कळ वर्षं तुमच्याशी भांडायचंय."

पुढे काकांचे दात पडले. गाजराच्या जाड फोडी चावेनात. मग मावशी अगदी रव्यासारखं बारीक चिरू लागली. वाटी तीच, वरून बोट फिरवून सपाट केलेली.

तरी दर तपासणीत रक्तातल्या क्षारांचा आकडा चढलेला. डॉक्टर चिडले, "हे बाहेर काहीतरी खातात, लक्ष ठेवा." मावशीनं काकांचे खिसे उलटे केले, दुकानातले खण धुंडाळले.

"तुझ्या हातचं सोडून एक घास घेतला नाही गं," काका म्हणाले.

"कापड चोरणारी तुमची जात. घास चोरायला कितीसा वेळ लागतो?"

उभ्या जन्मात काकांनी कुणाची चिंधी ठेवून घेतली नव्हती. त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून जेवू लागले.

मग एका सकाळी ते शिलाई मशीनवरच कोसळले. दवाखान्यात आहाराच्या त्या बाईंनी मावशीला स्वयंपाकघरात नेलं, गाजर चिरायला लावलं. जाड फोडींची वाटी काट्यावर ठेवली. मग तीच वाटी, घरच्यासारखं बारीक चिरून भरलेली. वजन जवळजवळ दीडपट.

"फोडींच्या मधे पोकळी राहते," बाई म्हणाल्या. "बारीक चिरलं की तीही भरते. मी वाटी सांगायलाच नको होती हो, वजन सांगायला हवं होतं."

मावशी धावत खाटेशी गेली. काकांच्या नाकातोंडात नळ्या, डोळे मिटलेले. ती कानाशी वाकली. "अहो, तुम्ही नाही चोरलंत. मीच जास्त घालत होते. ऐकताय ना?" परत परत तेच. पापणीसुद्धा हलली नाही. संध्याकाळी काका गेले.

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "मावशी, देवाच्या कानावर गेलंय ते."

"देवाला आधीच ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "यांना कळायला हवं होतं."

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. घरी कुणासाठी भाजी बारीक चिराल, तेव्हा त्या शिंप्याची आठवण काढा. आणि मनातल्या मनात म्हणा, काका, तुम्ही खरं बोलत होतात.